प्रभावळीचा खेळ : ‘हेलो’ मालेंतील भागांची तुलना



डाळजसारख्या गांवच्या सेवानिवृत्त शाळामास्तरानें भाषण करावयाचें तर तें शुद्धलेखनावर, फार तर उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांवर, अशी साधारण समजूत असते. आजचा माझा विषय त्यांतला नाहीं. ‘हेलो’ नांवाची व्हिडिओ गेमची जी माला २००१ सालापासून जगभर खेळली जात आहे, तिच्या निरनिराळ्या भागांची तुलना मी आज करणार आहें. टेलिफोन उचलल्यावर आपण जो शब्द उच्चारतों त्याच्याशीं ह्या नांवाचा संबंध नाहीं. हेलो म्हणजे प्रभावळ. देवाच्या मूर्तीमागें असते ती, किंवा चंद्राला पडतें तें खळें.

ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, हें आधीं सांगतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. खेळाचा रिमोट हातीं धरून मला दहा पावलेंहि सरळ चालतां येत नाहीं. परंतु पुण्यास राहणाऱ्या माझ्या थोरल्या मुलानें एक एक्सबॉक्स यंत्र घेतलें, आणि तें त्याच्या मुलाबरोबर दर उन्हाळ्याच्या सुटींत डाळजला येऊं लागलें. हा थोरला नातू आज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. धाकट्या मुलाचा मुलगा गांवींच असून यंदा दहावीला आहे. ह्या मालेंतील बहुतेक भागांच्या वेष्टनावर अमेरिकेंत ‘सतरा वर्षें व त्यापुढील’ असा शेरा मारलेला असतो. धाकट्या सूनबाईंनीं तो वाचला आणि अट घातली, कीं आजोबा समोर बसत असतील तरच पोरानें हा खेळ खेळावा. येणेंप्रमाणें लागोपाठ तीन सुट्या मीं परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा खुर्ची टाकून बसून काढल्या. उत्तरपत्रिका दुसऱ्यांनीं लिहिल्या. गुण देण्याची खोड मात्र माझी जुनी आहे.

पहिला भाग १५ नोव्हेंबर २००१ रोजीं निघाला. बंजी नांवाच्या अमेरिकन मंडळीनें तो रचला. १९९९ सालीं स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं अॅपलच्या एका मेळाव्यांत तो प्रथम लोकांपुढें आणिला होता. पण २००० सालीं मायक्रोसॉफ्टनें बंजी ही संस्थाच विकत घेतली, आणि खेळ तिच्या नव्या एक्सबॉक्स यंत्राबरोबर बाहेर पडला. कथा आहे इसवी सन २५५२ मधली. कॉव्हनंट नांवाच्या परग्रहवासीयांच्या धर्मसंघानें मानवजातीशीं युद्ध मांडलें आहे. मानवांचें एक जहाज पळतां पळतां अवकाशांत तरंगणाऱ्या एका प्रचंड वलयापाशीं येऊन पोहोंचतें. वलयाच्या आंतल्या अंगाला डोंगर, समुद्र, गवत, बर्फ सारें आहे. मान वर केली कीं तीच भूमि कमानीसारखी डोक्यावरून गेलेली दिसते. (वलयाकृति जगाची कल्पना लॅरी निव्हन ह्या लेखकानें १९७० सालीं आपल्या कादंबरींत मांडली होती.) हें वलय बांधणारे फोररनर लोक लाख वर्षांपूर्वीं लोपले आहेत. नायकाचें नांव मास्टर चीफ. त्याचा चेहरा आपल्याला कधींच दिसत नाहीं. त्याच्या शिरस्त्राणांत कोर्टाना नांवाची कृत्रिम बुद्धि बसलेली असते. ती त्याला वाट दाखविते, चिडविते, धीर देते.

लोपलेल्या लोकांचीं बांधकामें हा प्रकार आमच्या पोरांना समजावून सांगावा लागला नाहीं. उजनीचें पाणी उन्हाळ्यांत फार उतरलें, कीं जवळच्या पळसदेवचें जुनें मंदिर पाण्यांतून वर येतें. एरवीं जेथें होड्या चालतात तेथें पोरें कोरीव खांबांना हात लावून हिंडतात. हें कोणीं बांधलें, तीं माणसें कोठें गेलीं, हे प्रश्न त्यांना तेथेंच पडून चुकले होते. मराठी वाचकालाहि ही कल्पना परकी नाहीं. जयंत नारळीकर ह्यांच्या ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरींत, आपल्याहून पुढारलेल्या व नष्ट झालेल्या संस्कृतीनें मागें ठेवलेली एक ठेव जमिनींतून निघते, आणि त्या ज्ञानाच्या पोटांतच तिच्या नाशाचें कारण दडलेलें असतें. ‘हेलो’तील वलयाचें रहस्य ह्याच जातीचें आहे. फ्लड नांवाची एक भयंकर बांडगुळी जीवजाति जेथें जेथें विचार करणारा प्राणि सांपडेल तेथें त्याला ग्रासून वाढते. तिची उपासमार व्हावी म्हणून विचार करणारे सारे जीवच नष्ट करण्याचें शस्त्र फोररनरांनीं बांधलें. तें शस्त्र म्हणजेच हें सुंदर वलय.

खेळ म्हणून पहिल्या भागाचें मोठेपण माझ्या मतें दोन गोष्टींत आहे. एक, शस्त्रें दोनच बाळगतां येतात. १९९३ च्या ‘डूम’सारख्या खेळांत नायक सारी शस्त्रशाळा पाठीवर घेऊन हिंडे. येथें तिसरें उचलावयाचें तर हातांतलें एक खालीं ठेवावें लागतें, आणि पुढें काय वाढून ठेवलें आहे हें ठाऊक नसतें. त्यामुळें पोरें वरचेवर थांबून विचार करीत, ही गोष्ट शिक्षकाच्या नजरेंतून सुटत नाहीं. दुसरी गोष्ट शत्रूंची. ते आंधळेपणानें अंगावर येत नाहींत. जॅकल ढालीआडून नेम धरितो. ग्रंट नांवाचे बुटके शिपाई त्यांचा उंच नायक, म्हणजे एलीट, पडला कीं हात हालवीत पळत सुटतात. सेनापति पडल्यावर फौज उधळते हें आपण इतिहासांत शिकवितों. येथें पोरांनीं तें स्वतः हेरलें आणि आधीं एलीटाला गांठावयाचें असा बेत केला. ह्या भागाचा दोषहि सांगतों. ‘लायब्ररी’ नांवाच्या अध्यायांत एकाच घाटाच्या दालनांतून फ्लडच्या झुंडींशीं लढत इतका वेळ चालावें लागतें, कीं मी खुर्चींत दोनदां डुलकलों, आणि जागा झालों तेव्हां तेंच दालन पुढें होतें.

दुसरा भाग ९ नोव्हेंबर २००४ चा. पहिल्याच दिवशीं अमेरिकेंत व कॅनडांत त्याची १२.५ कोटी डॉलरांची विक्री झाली. दूरदूरच्या अनोळखी खेळाडूंना इंटरनेटवरून एकमेकांशीं गांठ घालून देण्याची रीत ह्या भागानें घरोघर नेली, आणि पुष्कळ लोक त्याला त्यासाठींच वाखाणतात. मला त्याचें महत्त्व निराळ्या कारणासाठीं वाटतें. आरंभींच दोन समारंभ आलटून पालटून दाखविले आहेत. एकींकडे वलय उध्वस्त केल्याबद्दल मास्टर चीफला पदक मिळत आहे. दुसरीकडे तेंच वलय राखतां आलें नाहीं म्हणून कॉव्हनंटच्या एका एलीट सेनापतीला भर सभेंत तापलेल्या मुद्रेनें डागत आहेत. घटना एक, आणि तिचे हे दोन हिशेब. पुढें त्या डागलेल्या सेनापतीला आर्बिटर हें पद देऊन मरणाच्या मोहिमांवर धाडलें जातें, आणि निम्मा खेळ आपल्याला त्याच्या बाजूनें खेळावा लागतो.

खेळणाऱ्यांपैकीं अनेकांना हें मुळींच रुचलें नाहीं. आम्ही नायक व्हावयास पैसे दिले, शत्रु व्हावयास नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. आमच्या थोरल्याचीहि तीच होती. मी मात्र तेथें ताठ बसलों. चौथीच्या वर्गाला मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. समोरच्या तंबूंत त्या रात्रीं काय बोलणें चाललें असेल, हा धडा कोणत्याच पुस्तकांत नव्हता. आर्बिटराला हळूहळू उमगतें, कीं वलयें पेटविलीं म्हणजे मोक्षाची महायात्रा सुरू होईल ही आपल्या धर्मगुरूंची शिकवण खोटी आहे, आणि त्या खोट्यापायीं आपण कोट्यवधि जीव घेतले. तो बंड करितो. शत्रूला अशी समज येतांना पाहणें हें धाकट्याला इतकें नवें होतें, कीं त्यानें खेळ थांबवून मला विचारलें, “आबा, मग आतां वाईट कोण?” ह्या प्रश्नासाठीं मी दुसऱ्या भागाला पहिल्याच्या वर बसवितों. मात्र त्याचा शेवट शेवटच नाहीं. गोष्ट ऐन रंगांत असतां पडदा पडतो. घाईनें पुरा केलेल्या कामाची ती खूण असून लोकांना पुढच्यासाठीं तीन वर्षें थांबावें लागलें.

२५ सप्टेंबर २००७ रोजीं आलेला तिसरा भाग सर्व धागे नीट बांधतो. आर्बिटर आतां नायकाच्या खांद्याला खांदा लावून लढतो, धर्मगुरूंचा निकाल लागतो, युद्ध संपतें. काम चोख आहे. पण चोख कामाविषयीं बोलावयास फारसें उरत नाहीं. खेळणाऱ्यांना रणांगणें स्वतः मांडतां येतील अशी एक सोय ह्या भागांत प्रथम आली, तिच्यावर आमच्या दोघांनीं दोन आठवडे घालविले, आणि गोठ्याची एक हुबेहूब प्रतिकृति अवकाशांत उभी केली.

त्यानंतर २००९ मध्यें ‘ओ.डी.एस.टी.’ नांवाचा एक लहान भाग निघाला. त्यांत मास्टर चीफ नाहीं. आफ्रिकेंतील मोंबासा शहराच्या भावी रूपांत एक साधा शिपाई आपल्या हरवलेल्या सोबत्यांना शोधीत रात्रभर पावसांत एकटा हिंडतो. पाठीमागें सॅक्सोफोन वाजत असतो. पोरांना तो संथ वाटला. मला विचाराल तर साऱ्या मालेंत पाऊस इतका खरा दुसरीकडे कोठें पडलेला नाहीं.

आतां ‘रीच’. हा १४ सप्टेंबर २०१० रोजीं निघाला, आणि माझ्या गुणपत्रिकेंत तो पहिला आहे. कथेच्या क्रमानें मात्र तो पहिल्या भागाच्याहि आधींचा. रीच हा मानवांचा लष्करी बालेकिल्ला असलेला ग्रह. त्याच्यावर कॉव्हनंटची धाड येते आणि तो पडतो. हें पहिल्या भागापासून सर्वांना ठाऊकच आहे. येथें नायक एक नाहीं. सहा जणांची एक तुकडी आहे, आणि आपण तींत नव्यानें दाखल झालेला सहावा गडी. कोर्टाना ज्या पेटींत आहे ती पेटी ग्रहावरून सुटणाऱ्या एका जहाजापर्यंत पोंचवावयाची, एवढीच अखेरची कामगिरी. तुकडींतील एकाला दुसऱ्या कामावर जावें लागतें. बाकीचे एकामागून एक पडतात. शेवटीं सहावा गडी पेटी जहाजाच्या कप्तानाच्या हातीं देतो, आणि स्वतः जहाजावर न चढतां तोफेपाशीं मागें राहतो. जहाज निघून जातें. तेंच जहाज पहिल्या भागाच्या आरंभीं वलयापाशीं येतें.

हें ऐकून कोणाहि मराठी माणसाला काय आठवेल, तें मीं सांगावयास नको. १६६० च्या आषाढांत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे पालखी निघाली, आणि घोडखिंडींत बाजीप्रभु बांदलांचे मावळे घेऊन मागें राहिले. तेथेंहि शेवट सर्वांना आधींच ठाऊक असतो. खिंड लढविणारे जगणार नाहींत हें माहीत असूनच पोवाडा ऐकावयास लोक बसतात. तोफांचे आवाज कधीं होतात इकडे कान असतो. ‘रीच’च्या कर्त्यांनीं पोवाडा ऐकला असण्याचा संभव नाहीं, पण ही वस्तु त्यांना सांपडली खरी.

आणि त्यांनीं आणखी एक गोष्ट केली, जी केवळ खेळांतच करतां येते. नांवांची यादी वर सरकून गेल्यावर, म्हणजे खेळ संपला असें वाटून माणूस उठणार तोंच, पुन्हा एक रणांगण उघडतें. सहावा गडी एकटा उभा. पडद्यावर हुकूम येतो तो जिवंत राहण्याचा, आणि तो पाळतां येणें शक्य नाहीं. शत्रु संपत नाहींत. मार बसत जातो तशा शिरस्त्राणाच्या कांचेला चिरा जातात, आणि आपण त्या चिरांमधून पाहूं लागतों. जिंकण्याची वाट ठेवलेलीच नाहीं. किती वेळ टिकावयाचें एवढेंच आपल्या हातीं. त्या संध्याकाळीं धाकटा पाऊण तास टिकला. लाइट गेली नाहीं हें नशीब. गडी पडल्यावर खोलींत कोणी बोललें नाहीं. थोरल्यानें उठून पंखा मोठा केला.

ह्यावरून पोरांत एक वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. जुने भाग एकत्र करून २०१४ मध्यें मास्टर चीफच्या नांवानें एक संग्रह निघाला, व २०१९ च्या डिसेंबरांत त्यांत ‘रीच’ची भर पडली. धाकट्याचें म्हणणें, गोष्ट जेथून सुरू होते तेथून, म्हणजे ‘रीच’पासून, आरंभ करावा. थोरला म्हणे, ज्या क्रमानें भाग निघाले त्या क्रमानें. मीं कौल थोरल्याकडे दिला. कोर्टाना कोण, तिच्यावांचून पुढें काय काय अडलें असतें, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती पेटी हातीं देतांना हात जड होतो. ज्याला ठाऊक नाहीं त्याच्यालेखीं ती नुसती पेटी.

बंजी मंडळी २००७ सालींच मायक्रोसॉफ्टपासून स्वतंत्र झाली होती. ‘रीच’ तिचा ह्या मालेंतला शेवटचा भाग. चौथा भाग ६ नोव्हेंबर २०१२ रोजीं ‘३४३ इंडस्ट्रीज’ ह्या नव्या संस्थेनें काढला. शत्रु व शस्त्रें नवीं आहेत, तीं मला फिकीं वाटलीं. पण कोर्टानाचा भाग विसरतां येत नाहीं. अशा कृत्रिम बुद्धीचें आयुष्य सात वर्षांचें. तीं सरलीं, आणि ती बोलतां बोलतां भरकटूं लागते, चिडते, मग भानावर येऊन क्षमा मागते. घरांत स्मृति ढळत जाणारें माणूस ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हे प्रवेश पाहणें सोपें नाहीं. माझ्या कुटुंबाचीं शेवटचीं दोन वर्षें तशीं गेलीं. मी मध्यें अंगणांत जाऊन आलों, आणि पोरांनीं तेवढा वेळ खेळ थांबवून ठेवला.

पांचव्या भागाविषयीं थोडें सविस्तर बोलणें भाग आहे, कारण तेथें माझी तक्रार खेळापुरती नाहीं. पहिल्या भागापासून ह्या मालेंत एक रीत होती. एकाच पडद्याचे दोन भाग होत, वर एक खेळाडू, खालीं दुसरा, आणि दोघे एका बाजूनें सारी कथा खेळत. आमच्या घरीं ह्याला मोल आहे. विहिरीच्या व जमिनीच्या वांटणीवरून माझे दोन्ही मुलगे दोन वर्षें एकमेकांशीं बोलत नव्हते. कडबा एका कडेला, पाईप दुसऱ्या कडेला, ही वांटणीची तऱ्हा शेतकऱ्यांना सांगावयास नको. त्या काळांत थोरला नातू पुण्याहून यंत्र घेऊन माझ्या खोलींत उतरे, आणि धाकटा मधलें दार ओलांडून येई. एकाचें कवच फुटलें कीं दुसरा पुढें होऊन मारा आपल्या अंगावर घेई. त्यांचे बाप त्या दारांतून जात नसत. फार तर “जेवायला चला रे” अशी हांक मारीत. एका पडद्यावर दोन घरें नांदत होतीं.

२७ ऑक्टोबर २०१५ च्या पांचव्या भागानें ही सोय काढून टाकली. चित्र दर सेकंदाला साठ वेळां, न अडखळतां हालावें ह्या हव्यासापायीं पडदा दुभंगणें परवडत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. दोघांनीं एकत्र खेळावयाचें तर दोन यंत्रें, दोन घरें. त्या दुपारीं थोरला खेळला आणि धाकटा पाहत बसला; अर्ध्या तासानें तो उठून आपल्या घरीं गेला. चित्र खरोखरच फार सुरेख हालत होतें. त्यांत कथाहि दुबळी. जिला चौथ्या भागांत आम्ही जड मनानें निरोप दिला, ती कोर्टाना येथें जुलमी राणी होऊन परतते. नापास म्हणत नाहीं, पण ह्या वर्गांत शेवटचा बांक त्याचाच.

८ डिसेंबर २०२१ चा ‘इन्फिनिट’ पुन्हा वलयावर आला. पाहिजे तिकडे भटकावें असें मोकळें रान, आणि हातांतून सुटणारा एक आंकडा, ज्याच्यायोगें माकडासारखें कड्यावर लटकत जातां येतें. पहिल्या भागाचा वारा त्यांत आहे. पण कथा एका पडद्यावर दोघांनीं खेळण्याची सोय देऊं म्हणून ती पुढें रद्द केली. वचन देऊन फिरविणें हें मुळींच न देण्याहून वाईट, असें धाकट्यानें ठरविलें, आणि मीं त्याला हरकत घेतली नाहीं.

आपल्याकडे काय, असा प्रश्न साहजिक आहे. आमच्याच रस्त्यावरच्या पुण्यांत सुपरगेमिंग नांवाची संस्था आहे. तिनें २०२४ च्या ऑक्टोबरांत ‘इंडस’ हा खेळ मोबाइलसाठीं काढला. तोहि भविष्यकाळांतला व नेमबाजीचाच. विरलोक नांवाच्या परग्रहावर भारतीय घाटाच्या वास्तु, आणि मिथवॉकर म्हणविणारे लढवय्ये. त्यांत कोणी बिग-गज आहे, कोणी मोरनी. (पुण्याच्या लोकांनीं ‘लांडोर’ शब्द वापरला असता तर मला बरें वाटलें असतें.) परंतु त्याची जात निराळी आहे. अनेकांनीं मैदानांत उतरावयाचें आणि अखेर उरेल त्यानें जिंकावयाचें, हा त्याचा सांगाडा. एक कल्पना मात्र तींत चांगली आहे : कॉस्मियम नांवाचें मौल्यवान द्रव्य शेवटीं हस्तगत केलें तर सर्वांना न मारतांहि जिंकतां येतें. कथा तेथें कडेकडेनें सांगितलेली आहे. मध्यभागीं येण्याइतकी जागा तिला मिळालेली नाहीं. लढवय्ये आहेत, ग्रह आहे, गाडली गेलेली संस्कृति आहे. आणि खिंड लढविणाऱ्यांची गोष्ट ऐकून वाढलेले लोक ती रचीत आहेत. दुसरा भाग निघाल्यास कोणी आर्बिटर त्यांत येतो का, तें मी पाहीन.

‘हेलो’ची हकीकत पुरी करावयाची तर एवढें सांगितलें पाहिजे, कीं २०२४ सालीं ‘३४३ इंडस्ट्रीज’नें आपलें नांव बदलून ‘हेलो स्टुडिओज’ केलें, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत पहिल्या भागाची कथा नव्यानें रचून काढण्याचें जाहीर केलें. सोनीच्या प्लेस्टेशन ह्या प्रतिस्पर्धी यंत्रावरहि तो यावयाचा, ही ह्या मालेंत नवलाची गोष्ट. एक पडदा दुभंगून दोघांनीं खेळण्याची सोय त्यांत परत ठेवण्याचेंहि तेव्हांच जाहीर झालें. त्यासाठीं नवें यंत्र लागेल असें थोरल्याचें म्हणणें आहे. त्याचे निम्मे पैसे आपण देऊं, असें धाकट्या नातवाच्या बापानें परवां परस्पर पुण्यास फोन करून आपल्या भावाला कळविलें. यंत्र कोणत्या घरीं राहावयाचें, तें अजून ठरावयाचें आहे.